एकवीसशे सतरा नंबरची पिशवी

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

आज सलीलशी उघड भांडण झालं. बरं झालं. तीन आठवडे दात आवळून बसले होते.

कॉलेजात माझ्या तासाला तिसऱ्या बाकावर जांभया देणारा हा मुलगा आता माझा मालक आहे. अलकापुरीत दोन खोल्या, सहा माणसं, आठ कॉम्प्युटर. एकोणीस वर्षं शिकवल्यावर एकदा तरी खरं काम करून बघावं म्हणून मी नोकरी सोडली आणि त्याच्याकडे आले. काम खरं आहे यात शंका नाही. एका ट्रस्टची रक्तपेढी आहे. मुख्य पेढी रावपुऱ्यात आणि केंद्रं तीन: मकरपुरा, बाजवा, वाघोडिया. चार ठिकाणचे चार कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारांनी जोडायचे आणि त्यांनी एकच पेढी असल्यासारखं वागायचं.

मी त्याचे पाच आराखडे करते आहे. एकच व्यवस्था, पण पाच जागांवरून पाहिलेली. पहिल्यात डॉक्टरांचे नियम, दुसऱ्यात माहिती, तिसऱ्यात प्रोग्रामने करायची कामं, चौथ्यात कुठलं यंत्र कुठे आणि तार तुटली तर काय, पाचव्यात विकत घ्यायचं सामान. ज्या आराखड्यात जे नको ते झाकायचं. चांगलं झाकता येणं हीच या धंद्यातली विद्या. पण झाकलेली गोष्ट नाहीशी होत नाही, म्हणून शेवटी पाचही एकमेकांशी ताडून पाहायचे. त्यासाठी मी जुळणीतक्ता करते: एकेक बाब घ्यायची, ती पाचही ठिकाणी काय म्हणते ते बघायचं आणि शेवटच्या रकान्यात "जुळते" किंवा "जुळत नाही" लिहायचं.

सलील म्हणाला, "मॅडम, पाच चित्रं कशाला? एकातच बसवा ना. ट्रस्टला काय फरक पडतो? चालशे."

चालशे, म्हणजे चालेल! या गुजराती गावाने दुसरं काही केलं नाही तरी हा शब्द जगाला दिला. मी म्हटलं, "तुझ्या घराचा प्लंबरचा नकाशा आणि वायरमनचा नकाशा एकाच कागदावर काढ. मग नळ उघडला की काय होतं ते मला सांग."

शलाका खुदकन हसली. प्रोग्राम ती लिहिते. तेवीस वर्षांची आहे, माझ्याशी मराठीत बोलते, फोनवर गुजरातीत आणि कॉम्प्युटरशी इंग्रजीत भांडते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

केंद्रांवरच्या लोकांना रावपुऱ्यात बोलावलं होतं. ट्रस्टच्या प्रमुख डॉक्टर अमीन मध्ये बसल्या होत्या. बाई कमी बोलतात आणि चष्म्यावरून बघतात.

मी नंबरांबद्दल सांगत होते. आजवर पिशवीच्या नंबराआधी केंद्राचं अक्षर असायचं. मी ते काढलं आहे. पिशवी आज वाघोडियात, उद्या बाजव्यात. नंबरात गाव कशाला? नंबर म्हणजे फक्त ओळख, त्याला दुसरा अर्थ चिकटवू नये. पंचवीस वर्षांपूर्वी शिकले ते आज वापरायला मिळालं याचा मला आनंद होता, आणि तो बहुधा दिसतही असावा.

मागून आवाज आला, "बाई, अक्षर राहू द्या की. वा म्हणजे वाघोडिया. बावीस वर्षं लावतोय."

हे हिंमतराव. वाघोडिया केंद्रावरचे तंत्रज्ञ. आजोबा संस्थानच्या फौजेत होते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून झालं होतं. मिशा आजोबांच्याच.

मी म्हटलं, "पिशवी बाजव्याला गेली की ते अक्षर खोटं ठरतं, हिंमतराव."

"खोटं कसं? माणूस मुंबईला गेला म्हणून जन्मगाव बदलतं का, बाई?"

सगळे हसले. डॉक्टर अमीनसुद्धा. मला राग आला तो हसण्याचा नाही. ज्याने कधी एका खोलीबाहेरचा विचार केलेला नाही तो माणूस चार गावांच्या व्यवस्थेवर विनोद करतो आणि तो लोकांना पटतो, याचा आला. मी शांतपणे सांगितलं की नंबर कॉम्प्युटर देईल, कुणी हाताने काही लिहायचं नाही आणि पाच जानेवारीपासून वह्या बंद.

"वही बंद," ते म्हणाले. प्रश्न होता की उत्तर, कळलं नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

सलीलने जुळणीतक्ता दस्तऐवजातून काढून टाकायला सांगितलं! "एकशे अठरा ओळी कोण वाचणार? सुरतवाले पण हेच दस्तऐवज बघणारेत मॅडम, त्यांना जाडजूड बघून ताप येईल." सुरतेत सहा केंद्रांचं काम मिळायची त्याला आशा आहे. इथलं अजून उभं नाही आणि याचे डोळे सुरतेवर.

मी म्हटलं, पाया खणून झाल्यावर कुणी म्हणतं का, की भिंत दिसते आहे तर आता पाया काढून टाका? तो म्हणाला, "तुम्ही करा ना, करू नका कुठे म्हणतोय? फक्त छापू नका."

म्हणजे माझं काम हे माझं खासगी व्रत! सत्त्याहत्तर ओळी झाल्या होत्या, एक्केचाळीस उरल्या होत्या. संतापाने डोकं फुटायची वेळ आली होती. खुर्ची ओढली आणि उठायच्या आत सगळ्या एक्केचाळीस संपवल्या. सगळं जुळतं. तक्ता शलाकाच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, "ठेव. या ऑफिसात हा वाचणारं कुणी असलंच तर तू आहेस."

घरी येताना न्याय मंदिराजवळ सेव-उसळ खाल्ली, उभ्याने, रस्सा दोनदा घेऊन. तिखटाने जरा बरं वाटलं.

४ डिसेंबर

सलील "सॉरी मॅडम" म्हणाला. तक्ता दस्तऐवजात नाही तो नाहीच.

२२ डिसेंबर, मंगळवार

आज ह्यांच्याशीही वाजलं. हे बाजव्याकडे एका केमिकल कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळतात. जेवताना मी आराखड्यांचं सांगत होते.

हे म्हणाले, "आमच्याकडे एका टाकीला तीन मीटर आहेत. एक खाली, एक कंट्रोल रूममध्ये, एक मॅनेजरच्या केबिनमध्ये. तिन्ही वेगळं दाखवतात."

"मग तुम्ही मीटर दुरुस्त करत नाही?"

"करतो की. पण त्याआधी कुणीतरी शिडीवरून वर चढतो आणि टाकीत काठी बुडवतो."

मी म्हटलं, काठीच बुडवायची तर मीटर कशाला घेतले? माझी व्यवस्था अशी आहे की कुणाला काठी बुडवावी लागणार नाही. हे म्हणाले, "बरं," आणि ताक मागितलं. वीस वर्षांत या माणसाने एकदाही वाद पूर्ण केलेला नाही. "बरं" म्हणतो आणि ताक पितो.

५ जानेवारी १९९९, मंगळवार

सुरू झालं. फीत, पेढे, ट्रस्टींची भाषणं. सलीलने नवा सूट शिवला होता. रावपुऱ्यात टाइप केलेली पिशवी पुढच्या मिनिटाला वाघोडियाच्या पडद्यावर दिसली आणि टाळ्या पडल्या. डॉक्टर अमीन म्हणाल्या, "बहु सरस, मंदाकिनीबेन."

चाचणी न झालेली पिशवी पडद्यावर लाल दिसते आणि निकाल चांगला आला की हिरवी. केंद्राने रक्त घ्यायचं, पिशवी आपल्याच फ्रिजमध्ये ठेवायची आणि तिच्यासोबतची नमुन्याची छोटी नळी जीपने रावपुऱ्याला पाठवायची. चाचणी तिथे होते. निकाल तारेने परत येतो, लाल जातं, हिरवं येतं. इतकं साधं की मलाच हेवा वाटला.

हिंमतराव एका बाजूला उभे होते. काखेत वही. मी डॉक्टर अमीनना दाखवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

१३ जानेवारी, बुधवार

उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी दोन कारखान्यांत शिबिरं होती, मकरपुऱ्यात आणि वाघोडियात. या दोन दिवसांत लोक गच्चीवरून पडतात, मांज्याने गळे कापून घेतात, रक्त लागतंच. आणि नेमकी आज दुपारी दोन्हीकडची टेलिफोन लाइन गेली. कुणीतरी रस्ता खणला. वायरमन म्हणे सोळाला येईल, वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, झाल्यावर.

सलील पांढरा पडला. मी मात्र अगदी स्वस्थ. चौथा आराखडा याच दिवसासाठी आहे. तार तुटली तरी प्रत्येक केंद्र आपल्याजवळच्या प्रतीवर काम चालू ठेवतं आणि लाइन आली की सगळे हिशेब आपोआप एक होतात. मकरपुऱ्याने अकरा पिशव्या घेतल्या, वाघोडियाने अकरा. कुठेही काम अडलं नाही.

सलील म्हणाला, "मॅडम, यू आर ग्रेट." महिन्यात पहिल्यांदा मला तो आवडला.

१८ जानेवारी, सोमवार

परवा लाइन आली आणि तेव्हापासून शलाकाकडे तक्रारी येताहेत. सात पिशव्यांवर यंत्र अडून बसलं आहे, "रक्तगट जुळत नाही" म्हणतं. मी म्हटलं, केंद्रावर टाइप करताना चुका केल्या असतील, बोट एक आणि नजर पतंगावर. ती म्हणाली, "सातही शिबिरातल्याच आहेत, मॅडम." मी म्हटलं, मग शिबिरातल्या गर्दीतच चुकले असतील. दुरुस्त करायला सांग.

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता या ऑफिसातसुद्धा वह्या.

१९ जानेवारी, मंगळवार



काल संध्याकाळी वाघोडियाच्या एका प्रसूतिगृहात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. गट बी पॉझिटिव्ह. केंद्रात त्या गटाची एकच हिरवी पिशवी होती, नंबर एकवीसशे सतरा. पडद्यावर स्वच्छ, चाचणी झालेली, निकाल चांगला. आणि हिंमतरावांनी ती दिली नाही! बाईचा नवरा हातापाया पडत होता आणि हे म्हणाले, ही देत नाही. केंद्रावरचा माणूस मोटारसायकलने रावपुऱ्याला पाठवला. पिशवी यायला पावणेदोन तास लागले. बाई वाचली, ते तिचं नशीब. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी लेखी तक्रार केली आहे, की नव्या व्यवस्थेमुळे उशीर झाला. व्यवस्थेमुळे!

मी फोन केला. "पडद्यावर हिरवी होती ना, हिंमतराव?"

"होती, बाई."

"मग का नाही दिलीत?"

"नळी माझ्याकडंच होती. बर्फाच्या पेटीत. उत्तरायणात जीप जखमींना नेत होती, इकडं फिरकलीच नव्हती. नळी इथं असताना तिथं कोणी तपासली?"

"तुम्ही दुसरी कुठली तरी नळी बघितली असेल."

"बावीस वर्षं नळ्याच बघतोय, बाई. तुम्ही या, बघा एकदा."

मी कशाला जाऊ? वाघोडियाला जाऊन एका माणसाच्या बर्फाच्या पेटीत डोकावायला मी पाच आराखडे केले? निकाल आला, म्हणजे नळी पोचली, याला दुसरा अर्थच नाही. खरी गोष्ट अशी आहे की वही बंद केल्याचा राग त्यांनी एका बाळंतिणीवर काढला.

२० जानेवारी, बुधवार

ट्रस्टने आमचा अहवाल मागितला. सलील सौम्य लिहू पाहत होता, मी त्याच्या हातातून घेतला. "व्यवस्थेत दोष आढळला नाही. केंद्रावरील तंत्रज्ञांचा व्यवस्थेवर विश्वास नाही व त्यांनी सूचना असूनही समांतर वही ठेवली आहे." खाली माझी सही.

दुपारी कळलं की हिंमतरावांना कामावरून दूर केलं. चौकशी होईपर्यंत त्यांच्या जागी बदली माणूस. नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत, म्हणे. मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्याचाही राग आला.

२३ जानेवारी, शनिवार

क्रमाने लिहिते. नाहीतर नुसत्या शिव्याच लिहीन.

चार वाजता शलाका माझ्या टेबलापाशी आली. दार लावून घेतलं. "मॅडम, मी सकाळी रावपुऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन आले."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तिथे एका खोक्यात अकरा नळ्या पडल्यात. वाघोडियाच्या. एकोणीसला रात्री जीपने आणल्या. लॅबवाले म्हणतात, हे नंबर तर आधीच तपासून झालेत, चुकून दुसऱ्यांदा आल्यात, म्हणून बाजूला ठेवल्या."

मला कळेना. ती म्हणाली, "तार तुटली तेव्हा पुढचा नंबर कुठून आला, मॅडम? प्रत्येक केंद्राच्या स्वतःच्या प्रतीतून. मकरपुऱ्याच्या प्रतीत शेवटचा होता एकवीसशे बारा. वाघोडियाच्या प्रतीतही तोच."

म्हणजे दोघांनीही एकवीसशे तेरापासून एकवीसशे तेवीसपर्यंत दिले. बावीस पिशव्या, अकरा नंबर. लाइन आल्यावर रावपुऱ्याच्या कॉम्प्युटरने एकाच नंबरच्या दोन पिशव्यांची एक नोंद केली. मकरपुऱ्याच्या नळ्या तपासल्या, निकाल आला, आणि वाघोडियाच्या न तपासलेल्या पिशव्याही हिरव्या झाल्या. ज्या सातांचे रक्तगट वेगळे होते तिथे यंत्र अडलं. चार ठिकाणी गटही तेच होते. तिथे ते गप्प राहिलं.

"लॅबवाल्यांना त्या चार नळ्या तपासायला लावल्या," शलाका म्हणाली. "तीन चांगल्या आहेत. एक पिशवी रावपुऱ्यात एका आजोबांना दिली होती, ती त्या तिघींतलीच."

"आणि चौथी?"

"एकवीसशे सतरा. कावीळ. ब प्रकारची."

वाघोडियाला फोन लावला. बदली माणूस उत्साहात होता. "सतरा नंबर ने? हां बेन, सतरा तो काले बाजवा मोकली. स्क्रीन पर ग्रीन हती ने!" काल बाजव्याला पाठवली. बाजव्याचा फोन लागेना. चार वेळा, पाच वेळा.

सलील म्हणाला, "मॅडम, शांतपणे. मी सोमवारी स्वतः जाऊन पिशवी बदलून आणतो. कुणाला काही..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काय बोलले ते इथे लिहीत नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला ते शोभत नाही, पण जे बोलले ते बरोबरच होतं.

शलाकाच्या कायनेटिकवर मागे बसून गेले. ती रिक्षांच्या मधून घुसवत होती आणि मी तिच्या कानात ओरडत होते, आणखी जोरात, आणखी जोरात. केंद्रावर पोचलो तर तिथली मुलगी कुलूप लावत होती. फ्रिज उघडायला लावला. दुसऱ्या फळीवर एकवीसशे सतरा, चिठ्ठी लावलेली: उद्या सकाळी आठ, हर्नियाचं ऑपरेशन, रुग्णाचं नाव. ते नाव मी वाचलं. विसरता येत नाही.

मुलगी म्हणाली, "पण ही तर हिरवी आहे."

मी पिशवी हातात घेतली. थंड आणि जड होती. तीन महिने पिशव्यांवर लिहीत होते, एकही हातात कधी धरली नव्हती.

२४ जानेवारी, रविवार

झोप नाही. सकाळपासून डॉक्टर अमीनना पत्र लिहिते आहे. जुळणीतक्ता छापला असता तर हे घडलंच नसतं. सलीलने पैसे आणि सुरत यांच्यापायी तो काढला. व्यवस्थेचा पाया त्याने काढून घेतला. चार पानं झाली. यांना वाचून दाखवली.

हे म्हणाले, "हिंमतरावांचं यात कुठे आलं?"

"दुसऱ्या पत्रात लिहीन."

"बरं," म्हणाले.

मी ताकाचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

२५ जानेवारी, सोमवार

पत्र टाइप करायला शलाकाला दिलं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग खण उघडून माझा तक्ता काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ओळ त्र्याण्णव, मॅडम."

माझंच अक्षर. बाब: पिशवीचा नंबर. दुसरा आराखडा: एक नंबर एकाच पिशवीला, पुन्हा कुणाला नाही. तिसरा: पुढचा नंबर दे. चौथा: लाइन तुटल्यास केंद्र आपल्या प्रतीवर काम चालू ठेवेल. तिन्ही शेजारीशेजारी. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसेल की तिन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत. आणि शेवटच्या रकान्यात, पेन इतका दाबून की कागद फाटला आहे: जुळते.

"तू कधी पाहिलंस?"

"शुक्रवारी रात्री. त्यावरूनच मग लॅबला गेले."

"आणि मला आधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही फार रागात होता, मॅडम." मग म्हणाली, "तुम्ही असताच."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले आठवत नाही. ती उभी राहून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता. मग मी पत्र परत घेतलं. सलील दारात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, ही ओळ कुणी पाहिलेली नाही. आपण तिघंच. प्रोग्राममध्ये प्रत्येक केंद्राला वेगळे नंबर देऊन टाकू. पिशवी सापडली, कुणाला काही झालं नाही. हिंमतरावांना ट्रस्ट परत घेईलच, मी बोलतो. तुमच्या नावासाठीच म्हणतोय."

सगळ्यात चीड याची, की त्याच्या आवाजात खरंच माया होती.

२७ जानेवारी, बुधवार

रावपुऱ्यात सभा होती. सलील, मी, डॉक्टर अमीन, दोन ट्रस्टी, सभेचं इतिवृत्त लिहिणारे कारकून. मी तक्ता टेबलावर ठेवला आणि ओळ त्र्याण्णव वाचली. नंबर दोनदा कसे गेले ते सांगितलं. अक्षर कुणी काढलं ते सांगितलं. वीस तारखेचा अहवाल कुणी लिहिला ते सांगितलं.

एक ट्रस्टी म्हणाले, "बेन, आ बधुं टेक्निकल छे. अहीं लखवानी शी जरूर?" हे सगळं तांत्रिक, इथे लिहायची काय गरज?

मी म्हटलं, "लिहा. बाळंतिणीला काविळीचं रक्त चढलं असतं. एका माणसाने ते अडवलं आणि त्या माणसाला मी नोकरीवरून घालवलं. यात तांत्रिक काय आहे ते मला दाखवा."

डॉक्टर अमीननी चष्मा काढून पुसला. मग गुजरातीत भराभर सांगत गेल्या आणि कारकून लिहीत गेले: हिंमतराव आजपासून कामावर, गेलेल्या दिवसांचा पगारही. नळी पोचल्याची रावपुऱ्याहून सही आल्याशिवाय कुठलीही पिशवी द्यायची नाही, पडदा काही म्हणो. वह्या पुन्हा सुरू. नवी व्यवस्था दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत बंद. सुरतेला काय कळवायचं ते त्या स्वतः कळवतील. सलीलने मान खाली घातली. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मंदाकिनीबेन, तुम्ही वाघोडियाला किती वेळा गेला होता?"

"एकदाही नाही."

त्यांनी चष्मा परत लावला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कारकुनांनी फाइल मिटता मिटता एक कागद वर केला. "आनुं शुं करवुं? आ तो सोमवारे आवी गयुं." याचं काय करायचं, हे तर सोमवारीच आलं.

हिंमतरावांचा माफीनामा. कार्यालयानेच टाइप करून पाठवलेला, खाली त्यांची सही. मी वाचला. "पडद्यावरील सूचना डावलून मी चूक केली. यापुढे पडद्यावर जे दिसेल त्याप्रमाणेच पिशवी देईन."

मी म्हटलं, हा फाडा. कारकून म्हणाले, आवक क्रमांक पडला आहे, फाडता येत नाही. मी म्हटलं, मग परत द्या. परत देता येत नाही. रद्द असा शिक्का मारा. तसा शिक्का नाही. माझा आवाज इतका चढला की डॉक्टर अमीन उठून आल्या, त्यांनी त्या कागदावर आपल्या हाताने आडवी रेघ मारली आणि सही केली. कारकुनांनी तो रेघेसकट फाइलला लावला. फाइलमध्ये आता माझा अहवाल आहे, त्यावर माफीनामा आहे, त्यावर आजचं इतिवृत्त.

हिंमतराव बाहेर बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायाशी कापडी पिशवी. त्यांना आतलं सगळं ऐकू आलं होतं. मी समोर उभी राहिले. माफी मागायची वाक्यं जमवून आणली होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही सही का केलीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही बरोबर होता. तुम्हाला माहीत होतं तुम्ही बरोबर आहात. मग असल्या कागदावर सही का केलीत?"

ते उठून उभे राहिले. बाई उभी असताना बसायचं नाही म्हणून.

"घरून म्हणाले, करा. सहा वर्षं राहिलीत." मिशीवरून हात फिरवला. "केली."

"आणि उद्या पुन्हा तसंच झालं असतं तर? पडद्यावर हिरवी, नळी तुमच्या पेटीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी अगदी भोळं विचारलं होतं.

"नसती दिली, बाई."

"पण लिहून दिलंत ना!"

"कागद रावपुऱ्यात राहतो," ते म्हणाले. "फ्रिज वाघोडियाला आहे."

पिशवी उचलली, साडेपाचची बस आहे म्हणाले, आणि जिना उतरून गेले.